खिशातला चष्मा

मलकापूरच्या आमच्या दवाखान्यात भूल द्यायला येणाऱ्या डॉक्टरांचा खिसा कायम फुगलेला असतो. म्हाताऱ्या पेशंटचा चष्मा ते नातेवाइकांकडे देतच नाहीत. मला आधी हा नुसता चाळाच वाटायचा.

"जाग आल्यावर सारं धूसर दिसलं का म्हातारं माणूस भांबावते, सिस्टर. नव्या अभ्यासातही हेच निघून राह्यलं," ते म्हणतात.

परवा पिंपळगाव राजाच्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन दुपार उलटेपर्यंत चाललं. शुद्धीवर येताच आजी घाबरून सलाइनची नळी ओढू लागल्या. डॉक्टरांनी झटकन खिशातला चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. आजींचा हात थांबला. त्यांनी डॉक्टरांना नीट निरखलं.

"तोंड काऊन सुकलं रे बाप्पा तुह्यं? जेवला नाही काय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "लिहा सिस्टर, पेशंट पूर्ण शुद्धीवर."