बिब्ब्याचा चटका

डॉक्टरांनी दादांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. रोज अर्धा तास चालायचं आणि अनवाणी फिरायचं नाही. दादा म्हणजे माझे वडील. साखरेचा आजार जुना, हट्ट त्याहून जुना. पाय बधिर होत चाललेत, जखम झाली तरी कळणार नाही आणि चिघळली तर पाय काढावा लागेल, हे नगरच्या दवाखान्यात माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं गेलं. दादांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

मी मऊ, रुंद बूट आणले. "जलमभर चाललो, आता चालायचा येगळा व्यायाम?" असं म्हणत का होईना, दादा ते घालून रोज सकाळी निघायचे. बुटांवरची धूळ बघून मी महिनाभर खूश होतो. मूर्ख मी! हे गृहस्थ बांधापर्यंत बुटात जायचे, लिंबाखाली बूट काढून ठेवायचे आणि अनवाणी कांद्याला पाणी द्यायचे. विचारलं तर म्हणाले, "चिखलात बूट खराब व्हत्यात."

बूट खराब होतात! यावर माणसानं काय बोलावं?

एका संध्याकाळी शाळेत शिकवून घरी आलो, तर दादा ओट्यावर दिवा पेटवून बसलेले. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. तो त्यांनी सुईनं कोरून काढला होता आणि आता त्याच सुईला बिब्बा टोचून, दिव्यावर धरून, त्याचं उकळतं तेल जखमेवर लावत होते. आमच्याकडची ही जुनी रीत. चटका बसला की पाय झटकन ओढायचा, काम झालं. लहानपणी माझ्याही टाचांना त्यांनी असे चटके दिलेत आणि मी गल्ली डोक्यावर घेतलीय. दादा मात्र पाय ओढत नव्हते. बिब्बा पुन्हा दिव्यावर, पुन्हा टाचेवर.

"बिब्बा जुना झालाय वाटतं," ते वैतागून म्हणाले. "चटकाच बसंना."

टाचेचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं. मी ओरडलो, "अहो दादा, बिब्ब्याला काही झालेलं नाही!" आणि सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. रागापेक्षा भीती जास्त होती.

दवाखान्यात बोलणी मी खाल्ली. घरात कुणी पाय बघत नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी बूट बघत होतो, पाय नाही. जखम भरायला तीन महिने लागले. तोवर चालणं बंद, खुर्चीत बसून पाय वरखाली करायचे. त्यालाही दादा पोरखेळ म्हणाले. पण पाय वाचला.

आता रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय मांडीवर घेतो. बोटांच्या बेचक्या बघतो, टाचा बघतो. मग ते डोळे मिटतात आणि मी तळव्याला ठिकठिकाणी कापूस लावतो. लागला की सांगायचं. पहिल्या दिवसांत दर वेळी "न्हाई" यायचं आणि माझा चेहरा उतरायचा. तो त्यांनी पाहिला असणार.

काल डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले, "लागलं बघ. चांगलं लागलं."

कापूस अजून माझ्या हातातच होता.