आत्ताच पिऊन आलो

"आधी पाणी, मग बोलणं," असं म्हणत सर पाण्याचा पेला पुढे करत आणि पाहुणा पिईपर्यंत समोरून हलत नसत. तहान आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता.

तुम्ही मुलं इतक्या लांब वाढलात, म्हणून हे सांगायला हवं. सरांचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांना गावात पाणी मिळे ते वरून, ओंजळीत ओतलेलं. सर शिकले, जळगावात मेहरूणला त्यांनी घर बांधलं, आमच्या शाळेत गणित शिकवू लागले. मी तिथेच इंग्रजी शिकवत असे. तुमची आई आम्हां दोघांच्याही हाताखालून गेली. तर त्या घरी आलेले आमचेच काही सहकारी पेल्याकडे बघून म्हणत, "आत्ताच पिऊन आलो." सर हसून पेला आत नेत. त्या माणसाला पुन्हा बोलावणं जात नसे.

"बाई, इतकं सभ्य खोटं दुसरं नाही," ते मला एकदा म्हणाले होते.

रविवारी ते समाजातली लग्नं लावत. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कडक इस्त्री. पहूर असो की धरणगाव, लग्न बाराला म्हणजे बाराला. वरात रेंगाळली तर माइकवरून नवरदेवाची हजेरी घेत.

अशा माणसाने, शिपाई वेळेवर आला नाही म्हणून, शाळेचं लोखंडी कपाट एकट्याने सरकवलं. कमरेत कळ गेली. मग बसायची जागा बधिर झाली आणि लघवी अडली. तरी हे स्कूटरवरून पहूरला जाऊन ठरलेलं लग्न लावून आले. "उन्हाने लघवी कमी होतेय," म्हणाले. धुळ्याला डॉक्टरांनी मणक्यातली सरकलेली गादी काढली आणि सांगितलं की आदल्या दिवशी आणायला हवं होतं. हे लिहितानाही मला चीड येते.

पाय सुधारले. मूत्राशयाची नस मात्र जागी होईना. लघवीची नळी काढली की तुंबायचं, पुन्हा घातली की ताप. डॉक्टर दर खेपेला "बघू या" म्हणत. किती बघायचं? अखेर नळी सुटली ती तडजोडीवर. भरल्याचं कळत नाही, म्हणून घड्याळ बघून जायचं, ओटीपोट हलकेच दाबायचं, घाई करायची नाही आणि पाणी भरपूर प्यायचं.

घाई न करणं वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, जमत नसे. त्या बाथरूमच्या दाराशी उभ्या राहत.

"झाली का हो?"

"होत होती. तुझा आवाज ऐकून परत गेली."

अडण्यापेक्षा सरांना गळण्याची धास्ती जास्त होती. हसताना, उठताना चार थेंब जात. त्यावर त्यांनी उपाय काढला: पाणीच बंद. जळगावचा मे महिना, झाडावरची पाखरंसुद्धा चोच उघडी टाकून बसलेली, आणि हे पाण्यावाचून. लघवी गढूळ झाली, हुडहुडी भरून ताप आला, पुन्हा धुळे. मी भांडायलाच गेले.

"सर, डॉक्टर प्या म्हणतात ना?"

"बाई, कपडे पांढरे असतात."

"मग गडद घाला."

परीक्षेत कॉपी करायला सुचवावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशननंतर त्यांनी एकही लग्न लावलं नव्हतं. आता धरणगावला धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. ते मीच लावीन, असा शब्द त्यांनी भाचीला ती लहान असताना दिलेला. "हे नाही जमलं तर पुन्हा माइक धरणार नाही," असं वहिनींना सांगून बसले होते. बहिणीला फक्त कमरेचं ऑपरेशन ठाऊक होतं; पुढचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघं सकाळीच पोचलो. बहीण पेला घेऊन आली. सरांचे ओठ कोरडे पडले होते.

"आत्ताच पिऊन आलो," सर म्हणाले.

वहिनींनी मान खाली घातली. बहीण पेला धरून तशीच उभी. तिने थट्टाच केली, पण जिभेला धार होती.

"तुमले आते आमनं पानी चालत नही का, भाऊ?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. "अजून दे." मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. मी आपली मांडवापासून बाथरूम किती लांब आहे, ते बघून आले.

लग्न वेळेवर सुरू झालं. नवरदेवाच्या प्रतिज्ञा झाल्या, नवरीच्या सुरू झाल्या, आणि सर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून थांबले. माइक दूर न करता, वर्गात सूचना द्यावी तसं म्हणाले,

"मंडळी, माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. मला घड्याळावर लघवीला जावं लागतं, आणि वेळ लागतो. नवरा-नवरीला खुर्च्या द्या."

मागे कुणीतरी हसलं. बहिणीने वळून पाहिलं. हसणं तिथेच थांबलं. सर मांडवामागे निघून गेले.

सगळा मांडव मुठीत फुलं धरून बसला. वेळ जाता जाईना. आचारी डोकावून गेला. वहिनी उठल्या, त्यांना मी पदराला धरून खाली बसवलं. माझ्या मनात त्या कपाटाला, त्या नसेला, सगळ्यांनाच शिव्या चालल्या होत्या. ती नस पुढे कधीच पुरती जागी झाली नाही. सर होते तोवर त्यांनी लावलेल्या लग्नांत मधेच अशा खुर्च्या मांडाव्या लागत, आणि खान्देशात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

सर आले. कपडे कोरडे. रुमालाने एकेक बोट पुसून त्यांनी माइक उचलला.

"कुठे होतो आपण?"

"तिसरी प्रतिज्ञा, मामा," नवरी म्हणाली.

"मग पहिलीपासून म्हण," सर म्हणाले, आणि आम्ही सगळे पुन्हा सावरून बसलो.