बाकाला पाठ हवी

बसथांब्यावरचा माणूस रिकामा असतो आणि रिकामा माणूस बोलतो. आम्ही तर अख्ख्या पुण्याचे थांबे पालथे घातले. त्यामुळे प्रस्तावाची फाईल झाली बोटभर जाड आणि किस्से जमले पोतंभर! त्यातले काही हसण्यासारखे आहेत. काही मी अजून बायकोलासुद्धा सांगितलेले नाहीत.

आमचं डिझाईनचं ऑफिस चार माणसांचं. मालक परांजपे सर, ज्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. कॉम्प्युटरवर चित्रं करणारी निकिता. मी, सिव्हिल इंजिनिअर. आणि साठे काका. काकांची उभी हयात कंडक्टरकीत गेली, आणि उभी म्हणजे खरोखरच उभी! त्यात डावा गुडघा गेला. बसले की डावा पाय सरळ पुढे, काठीसारखा.

काम असं होतं, की जुने थांबे नवे करायचे आणि पुढे त्यांची देखभालही करायची. त्याआधी प्रत्येक थांब्याचा फॉर्म भरायचा: छत, दिवा, पाटी, बाक. काका प्रत्येक बाकावर घड्याळ लावून पाच मिनिटं बसायचे. बाकाला पाठ नसली की लिहायचे, 'बाक आहे. बसता येत नाही.'

"साठे, बसता येत नाही म्हणजे काय? आपण तर बसला होतात," परांजपे सरांनी विचारलं.

"टेकलो होतो, सर. बसणं वेगळं."

काकांचा हट्ट एकच. काच लावा, स्क्रीन लावा, काय हवं ते लावा, पण बाकाला पाठ हवी. एकदा मला म्हणाले, "जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हटलं रे. एकदा तरी 'बसा' म्हणू दे."

•

खडकीला एक थांबा रस्तारुंदीत गेलेला. खांब नाही, छप्पर नाही, काही नाही. भर दुपारी आम्ही पोचलो तर उन्हात आठ माणसं उभी, चार-चारच्या दोन रांगा. पाच पावलांवर कडुनिंबाची गार सावली, तिथे कुणी नाही!

तेवढ्यात एक रिटायर्ड गृहस्थ आले आणि रांगेत शिरताना चक्क मान वाकवून शिरले.

"का हो वाकलात?" काकांनी विचारलं.

"तुळई खाली आहे. एकदा लागलंय मला."

मला हसू फुटलं. मी ताठ मानेनं त्या रांगांमधून आरपार चालत गेलो, मुद्दाम. ते गृहस्थ फक्त "च्च" म्हणाले.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "कपाळाला टेंगूळ कसलं?"

मी म्हटलं, "ऑफिसचं कपाट."

•

लोणी काळभोरच्या पुढे, यादीत थांबा आणि जागेवर नुसता बांध. साधी पाटीसुद्धा नाही. एक शेतकरी दादा गवताचा भारा घेऊन चालले होते, त्यांना विचारलं.

"हाय की थांबा! समद्या गाड्या थांबत्यात हितं."

आम्ही रस्त्याच्या अलीकडे उभे होतो. बस आली आणि पलीकडे बांधाशी थांबली. दार उघडलं. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. दार मात्र एखाद्या म्हाताऱ्या माणसाला लागेल तेवढा वेळ उघडं राहिलं. मी पळत जाऊन ड्रायव्हरला गाठलं.

"कुणासाठी थांबलात?"

"आजींनी हात केला ना." त्यानं आरशात पाहिलं. "चढल्या नाहीत का? रोजचंच आहे त्यांचं." आणि गिअर टाकून निघून गेला!

मी घामाघूम. काका शांतपणे फॉर्म भरत होते. डोकावून पाहिलं तर लिहिलेलं, 'बाक हवं.'

"कुणासाठी काका? इथे कोण आहे?"

"आजी आहेत की. रोज उभ्या असतात बिचाऱ्या."

•

नव्या थांब्याचं चित्र करताना त्यात माणसं टाकावी लागतात, नाहीतर चित्र ओसाड दिसतं. निकितानं कॉम्प्युटरमधली तयार माणसं टाकली. मंडईच्या थांब्यावर एक गोरा स्केटबोर्ड घेऊन उभा आणि एक मडम कुत्र्यासकट!

परांजपे सरांनी चष्मा वर केला. "ही मंडळी कुठली भाजी घ्यायला आलीत?"

मग ठरलं, आपलीच माणसं टाकू. आम्ही सगळ्यांनी ऑफिसात फोटो काढले. मी पिशवी धरून उभा. काका स्टुलावर बसले, पाय पुढे काढून. निकितानं फोटोतलं स्टूल पुसलं आणि काकांना चित्रातल्या बाकावर नेऊन बसवलं. पाठीला टेकून, अगदी ऐटीत. काका स्क्रीनसमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान बसलोय," म्हणाले. "आता मला उठवू नका."

•

पावसाळा सरता सरता काका गेले, झोपेतच. मला फार लागलं ते. त्यांच्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा तसाच होता आणि महिनाभर तो हलवायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

आणि नेमकं त्याच वेळी प्रस्ताव पास करणाऱ्या समितीतल्या एका साहेबांनी कळवलं, "बाक काढा. जाहिरातीला जागा मिळेल. दहा मिनिटं उभं राहिलं तर कुणी मरत नाही." निकितानं डोळे पुसत पुसत चित्रातलं बाक काढलं, आणि बाक नाही म्हणून काकांनाही काढलं.

मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर चित्र आलं. झकास काच, भलीमोठी जाहिरात, बाक नाही. आणि काका! हवेत बसलेले, डावा पाय पुढे.

समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई पुढे झुकल्या. "हे गृहस्थ कशावर बसलेत?"

"बाकावर, मॅडम," परांजपे सर म्हणाले. "आपण काढलंत, ते."

एक-दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घालून लिहिलं, 'बाक ठेवावे. पाठीसह.'

बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, "मानलं सर तुम्हाला! काकांना मुद्दाम ठेवलंत ना?"

"मी? मला वाटलं, निकितानं ठेवलं."

निकिता भिंतीला टेकून उभी होती. "मी काढलं होतं, सर. दोनदा."

काकांना काढायच्या आधीची फाईल चुकून गेली असणार, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. अजूनही तसंच ठरलेलं आहे.

•

नमुन्याचा पहिला थांबा मंडईपाशी उभा राहिला. छत आलं, दिवा आला, पाटी आली. बाक मात्र आलं नाही. ठेकेदार म्हणाला, "सही करून टाका साहेब, बाक मागाहून बसवतो." हे 'मागाहून' मी नोकरीभर ऐकत आलोय, ते कधीच उगवत नाही! नमुना असा बिनबाकाचा पास झाला की पुढचे सगळे थांबे तसेच होणार आणि काकांचा हट्ट कायमचा निकालात. पण परवावर उद्घाटन आलेलं. सर म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा." म्हणजे करा सही.

सकाळी अकराला पेन घेऊन गेलो. ही गर्दी! पिशव्यांना पिशव्या घासत होत्या, निम्मी माणसं उन्हात. आणि छताखाली बरोबर बाकाची तेवढी जागा मोकळी.

मेथीच्या जुड्या घेतलेल्या एका बाईंना मी म्हटलं, "मावशी, आत सावलीत जागा आहे की."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "दिसतंय. पण असं कुणाच्या अंगावर जाऊन उभं राहायचं का? आपण राहाल?"

"राहीन की!" म्हटलं आणि पाऊल टाकलं. पाऊल पडायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "सॉरी हं." कुणाला म्हणालो, देव जाणे. पाय आपोआप मागे आला.

सही केली नाही. फॉर्मवर लिहिलं, 'बाक नाही. बसता येत नाही.'

•

ठेकेदारानं फोनवर माझा उद्धार केला, पण दुसऱ्या दिवशी बाक पाठवलं. साडेदहाला त्याच्या फिटरचा मला फोन. माणूस नवीन, लातूरकडचा, आमच्यापैकी कुणालाही न पाहिलेला.

"साहेब, बाक आणलंय. पण ठेवायचं तिथंच एक आजोबा बसलेत. दोनदा सांगितलं, उठत नाहीत."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"कशावर बसलेत?"

"गर्दी आहे साहेब, नीट दिसत नाही. खालीच बसले असतील. एक पाय लांब केलाय, तेवढा दिसतोय."

"डावा?"

फोनवर 'जरा सरका, जरा सरका' ऐकू आलं. मग तो म्हणाला, "हो, डावा. ओळखीचे आहेत का?"

"हो," मी म्हटलं. "त्यांच्यावर ओरडू नका. बाक आधी त्यांच्यासमोर धरा आणि त्याला पाठ आहे ती दाखवा. मग दहा मिनिटं थांबा. गुडघा धरतो त्यांचा, उठायला वेळ लागतो."