भरून परत केलेली प्लेट

मी निघाले तेव्हा आईला गाडीत जागाच उरली नाही. मागच्या सीटवर दोन बॅगा आणि कशीबशी मी, पुढे बाबा, आणि गाडी चालवायला शेजारचे काका. सांगली ते मुंबई विमानतळ एवढा प्रवास तिला करायचा होता, पण बॅगा महत्त्वाच्या ठरल्या. ती फाटकाशी उभी राहिली, काचेतून वाकून म्हणाली, "पोचलीस की आधी जेव, मग फोन कर." रडारड आमच्या घरात चालत नाही. मी मांडीवरची हँडबॅग घट्ट धरून बसले आणि कोपरा येईपर्यंत मागे बघितलं नाही. याची रुखरुख अजून आहे.

ओहायोतल्या एका जुन्या कॉलेजात मी केमिस्ट्रीत पीएचडी करायला आले होते. राहायला मिळालं ते मुलींचं विटांचं वसतिगृह. तिथे सगळे त्याला नुसतं 'हाउस' म्हणायचे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे कडक शिस्त होती म्हणे. नव्या मुलींनी पहिला बर्फ पडेपर्यंत हिरवी लोकरीची टोपी घालायची, मागच्याच जिन्याने चढायचं, रविवारी हातमोजे घालून वॉर्डनबाईंकडे चहाला जायचं. यातलं बाकी सगळं गेलं होतं, एक प्रथा तेवढी टिकली होती. ऑक्टोबरात प्रत्येक नव्या मुलीच्या दाराशी एक पांढरी प्लेट यायची, त्यात खाऊ आणि खाली चिठ्ठी. चिठ्ठीवर शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचं नाव. ती आपली वर्षभराची थोरली बहीण. रविवारपर्यंत प्लेट तिच्या दाराशी नेऊन ठेवायची, की पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या लांब टेबलावर ती आपल्याला शेजारी बसवून घेणार.

तुम्ही भारतातच राहिलेल्यांना याचं काय एवढं, असं वाटेल. जे माझ्यासारखे आले, त्यांना विचारा. दोन महिने मी लॅबमधल्या लोकांशी फक्त सॉल्व्हंट आणि शिफ्टबद्दल बोलले होते. मराठी बोलणारं त्या गावात कुणी नव्हतं. माझ्या दाराशी प्लेट आली, तीत चार ब्राउनी आणि एक सफरचंद होतं. मी चिठ्ठी इतक्या वेळा वाचली की 'मेगन, तिसरा मजला' हे नाव मला सख्ख्या नात्यातलं वाटायला लागलं.

आता भांडं रिकामं परत कसं द्यायचं? आमच्या गल्लीत कुणाची वाटी आली तर परत जाताना तीत काहीतरी असायचंच. काही नसलं घरात तर चमचाभर साखर. मी शनिवारी हाउसच्या किचनमध्ये बेसनाचे लाडू करायला घेतले. बेसन भाजताना धूर झाला, अलार्म वाजला, आणि सगळं हाउस सपाता घालून अंगणात येऊन उभं राहिलं. मी सगळ्यांना सॉरी म्हणत हिंडले. तरीही सहा लाडू जमले. रविवारी ते प्लेटमध्ये रचून, वर पेपर नॅपकिन झाकून मेगनच्या दाराशी ठेवले आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन खाली आले.

शुक्रवारी मी नवा कुडता घातला. टेबलावर सगळ्या जोड्या बसल्या. मेगन पार दुसऱ्या टोकाला, तिच्या वर्षाच्या मुलींमध्ये. माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. मला वाटलं, लाडू आवडले नाहीत. मग वाटलं, अलार्ममुळे चिडली असेल. मग वाटलं, मीच आवडले नसेन, आणि हे तिसरं कारण डोक्यात पक्कं बसलं. हिवाळाभर ती जिन्यात भेटली की "हाय" म्हणून फोनमध्ये बघायची. मीही मग तिच्या वेळा टाळून जिना चढायला लागले. आईला फोनवर सांगायचे, इथे एक मेगन आहे, फार चांगली आहे.

मे महिन्यात मेगन पास होऊन निघून गेली. दुसऱ्या वर्षी मला लायब्ररीत जोडकाम मिळालं, हाउसमधल्या जुन्या मुलींचे अल्बम स्कॅन करायचं. त्या दोन युद्धांमधल्या काळातल्या एका मुलीचा अल्बम होता. हिरव्या टोपीतला फोटो, नाचाच्या कार्यक्रमाचं कार्ड, वाळलेलं फूल, आणि शेवटच्या वर्षाच्या पानावर बारीक अक्षरात तिने लिहिलेलं, ते आपल्या भाषेत असं: 'माझी प्लेट भरून परत आली. रिकामी आली तर मुलीने आपल्याला स्वीकारलं, भरलेली आली तर नाकारलं, हे कुणाला ठाऊक नाही? मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही.'

मला ठाऊक नव्हतं. हाउसमध्ये आल्या दिवशी मिळालेल्या सूचनांच्या कागदावर हे नव्हतं, कारण त्या मुलींना ते लिहायची गरजच वाटली नसणार. मी स्कॅनर बंद केला आणि तिथेच बसून राहिले. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

मेगनचा ईमेल शोधून मी तिला सगळं लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं: "मला वाटलं, मी तुला नको होते. त्या वर्षी माझं कुणाशीच धड नव्हतं, म्हणून मी थोरली व्हायला नाव दिलं होतं. लाडू मी खाल्ले. दार लावून, रोज एक."

आम्ही पुढे मैत्रिणी झालो असं लिहायला मला फार आवडलं असतं. चार ईमेल झाले, मग तिचं लग्न, माझा थीसिस, आणि थांबलं. काही गोष्टींची वेळ गेली की गेली.

त्या उत्तराच्या दिवशी मात्र मी आईला फोन करून सगळं खरं सांगितलं. मेगन चांगली आहे म्हणून वर्षभर थापा मारल्या, हेही. ती ओरडलीच, "अगं बावळट! वर जाऊन दार वाजवायला काय झालं होतं तुला?"

मी ढसाढसा रडले. ती आणखी ओरडली.

आता मी अमेरिकेतच, कॅरी नावाच्या गावात राहते. घर स्वतःचं आहे, मागे दोन डॉगवुडची झाडं आहेत. ऑफिसातले लोक सभ्य आहेत, शेजारी सभ्य आहेत, माझं काही चुकलं तर ते हसून "नो प्रॉब्लेम" म्हणतात आणि आपापल्या दारात निघून जातात. काय चुकलं ते मला कधीच कळत नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून मला कुणी बावळट म्हटलेलं नाही.