शनीवरून परत आणलेला मेकॅनिक

वर्तमानपत्रात असताना माझी सुट्टी मंगळवारी असे. सोमवारी ड्यूटीवर जाण्याआधी कोल्हापुरात दुपारचा खेळ बघायचा आणि मंगळवारी सकाळच्या एसटीने हुपरीला आक्काकडे जायचं, हा क्रम बरीच वर्षं चालला. सिनेमा इंग्रजी असे आणि त्यात बहुधा अंतराळयान असे. दुसऱ्या प्रकारच्या सिनेमांत मला फारसा रस नव्हता.

आक्का माझी थोरली बहीण. तिच्या घरी पैंजणांचं काम चाले. बाहेरच्या खोलीत ती आणि शेजारच्या तिघी-चौघी चांदीच्या कड्या जोडत बसत. हात आणि डोळे कामात, कान मोकळे. म्हणून मी त्यांना सिनेमा सांगत असे.

बातमीत शेवट पहिल्या वाक्यात येतो. इथे तो दुपारच्या चहापर्यंत राखून ठेवावा लागे. प्रश्न मात्र कुठल्याही पत्रकार परिषदेपेक्षा अवघड असत.

"यानात खात्यात काय?" शेजारच्या एक काकू विचारत.

"गोळ्या."

"निस्त्या गोळ्या? आणि त्यावर मशिनी दुरुस्त करत्यात?"

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, दारात उभे राहून ऐकत. यंत्रमाणसाची गोष्ट त्यांना फार आवडली होती. "पगार न्हाय, सुट्टी न्हाय, चहा न्हाय," ते म्हणाले. "पावणं, असले दोन बघा की आमच्यासाठी."

"एक हाय की घरात," आक्का म्हणाली. "लग्न करून आणलंय न्हवं का मला."

तयार माल घेऊन दाजी परगावी जात. अशाच एका फेरीवरून परतताना त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. बातमी आमच्याच डेस्कवर आली. मी ती चार ओळींत केली. गाव आणि वय पुन्हा तपासलं आणि पान छपाईला सोडून हुपरीला गेलो.

दोन महिन्यांनी खोलीतलं काम पुन्हा सुरू झालं. पहिल्या मंगळवारी मी नुसता चहा घेऊन परतलो. दुसऱ्या मंगळवारी आक्का म्हणाली, "सांग की काहीतरी."

मी शनीच्या चंद्रावरचा सिनेमा सांगायला घेतला. तिथल्या वस्तीतली हवा संपत आलेली असते. यान एकच, आणि त्यात एक माणूस जास्त होतो. हवेचं यंत्र सांभाळणारा मेकॅनिक मागे थांबतो. बाकीचे निघून जातात.

"शनीला कशाला मरायला गेला त्यो?" काकू म्हणाल्या. "साडेसाती घरबसल्या मिळती की."

कोणी हसलं नाही. आक्काचे हात थांबले होते. पडद्यावर यानंतर फक्त मेकॅनिकचा दिवा दिसतो, आणि तोही विझतो. मी म्हणालो, दुसरं यान आलं.

"घरच्यांनी वळखलं का त्येला?" आक्काने विचारलं.

"वळखलं."

त्यानंतर माझ्या सिनेमांतून जे कोणी गेले, ते सगळे परत आले. काहींना उशीर झाला, काहींचे केस पांढरे झाले, पण आले. नोकरीत मी एखाद्याच्या नावातली वेलांटीही चुकू दिली नव्हती. मंगळवारी मात्र मला या खोट्याचं काहीच वाटत नसे.

आता नोकरी संपली आहे. कोल्हापुरातलं ते थिएटर बंद पडलं. खोलीत आक्का एकटीच काम करते, तेही थोडं. मोबाईल डब्याला टेकवून ठेवते आणि त्यावर काहीतरी चालू असतं. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा सांगण्यासाठी एक सिनेमा मनात तयार होता. तिने मान वर न करताच म्हटलं, "त्यो शनीवाला बघितला. हिंदीत हाय."

मी पिशवी खाली ठेवली.

"त्येला न्यायला कोण येतच न्हाय की रं."

"न्हाय येत."

"मग तू सांगितलेला त्यो?"

"मी आणला त्येला."

"बातम्या बी अशाच लिवत हुतास व्हय?"

"न्हाय आक्का. बातम्या बरोबर लिहीत हुतो."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "एक वाचलीया मी."

तिने चिमट्याने पुढची कडी उचलली. ती 'सांग की' म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. दोन शब्दच हवे होते. ती म्हणाली, "आता ऐक, मी सांगते," आणि आदल्या आठवड्यात बघितलेला सिनेमा सांगू लागली. एक बाई ताऱ्याकडे जाते. नवरा रोज तिला निरोप पाठवतो, आणि दर निरोपाला तिचं उत्तर जास्त उशिरा येतं. आक्काने सगळं क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही, पदरचं घातलं नाही. नवरा रिकाम्या पडद्यासमोर बसतो, तिथे ती थांबली.

तो सिनेमा मी दोनदा पाहिलेला होता. तरीही विचारलं, "आली का ती परत?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय आली," ती म्हणाली.