प्रकाशाच्या वाटेत

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून एकच दुर्बीण बनवत होते. नेहमीच्या दुर्बिणीत छोटा आरसा मोठ्या आरशासमोर, अगदी मधोमध असतो. याचाच त्यांना राग. "अहो, प्रकाश इतक्या लांबून येतो. त्याच्या वाटेत आपण कशाला उभं राहायचं?"

म्हणून त्यांनी छोटा आरसा वाटेतून बाजूला घेऊन दोन्ही आरसे तिरके बसवले. आरसा तिरका केला की चित्र विस्कटतं, मग एकाचा दोष दुसऱ्याच्या तिरकेपणानं काढायचा. त्यासाठी प्रत्येक किरण म्हणजे एक सदिश, एक बाण, असं धरून त्यांनी वह्या भरल्या. जिन्यात गाठ पडली तरी "कसे आहात" नाही, थेट "अर्धा अंश चुकत होता, सापडला." मी बऱ्याचदा लिफ्टनंच जायचो.

परवा संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. कोन मोजून दुर्बीण गुरूवर लावली होती. गुरूची कड कोरल्यासारखी स्वच्छ होती.

"छान दिसतोय."

"छान नको. गुरूचे चंद्र कुठल्या बाजूला किती, ते सांगा."

"डावीकडे तीन, उजवीकडे एक. तुम्हीच बघा ना."

"दोन्ही डोळ्यांत डाग पडलाय, अगदी मधोमध. डॉक्टर म्हणाले, आता जाणार नाही."

मग माझा चेहरा दिसावा म्हणून त्यांनी मान एका बाजूला तिरकी केली, नंतर दुसऱ्या बाजूला. शेवटी सरळ केली आणि चाचपडत दुर्बिणीवर कापड घातलं.