बाहुलीची वाकळ

आर्डिस क्लिंगमन वाकळ बघायची ती काठाकडून. नक्षी मागाहून. लेकराच्या पाळण्यातली जुनी वाकळ कुणी तिच्यापुढं टाकली, की चष्मा कपाळावर सरकवायची, काठ उलटा करून आधी डोळ्याशी न्यायची, मग नाकाशी. "कापल्याली हाय," म्हणायची. विषय संपला. थोरल्या पलंगाची फाटकी वाकळ कापायची, नवी पट्टी मारायची आणि पाळण्यातली म्हणून गळ्यात बांधायची, असला धंदा करणारे आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यात कमी नाहीत. चौकड्या ढब्बू दिसल्या की ओळखावं. लेकरासाठी शिवणारी बाई चौकडीसुद्धा लेकराच्या मापाची कापायची, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी.

शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवता शिवता आर्डिस म्हातारी झाली. नवरा मर्ल दुधाची टाकीगाडी हाकायचा. एका संध्याकाळी घरी आला, एक बूट काढला, दुसरा काढायच्या आत गेला. पोरबाळ नव्हतं. पोर नाही म्हणून बाई पाळण्यातल्या वाकळा गोळा करत बसती, असं चर्चमधल्या बाया एकमेकींच्या कानात बोलायच्या. आर्डिसचे कान तिखट होते. "पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला म्हणता का गं कधी, की बिचाऱ्याला कुणाची पत्रं येत न्हाईत?" असं तोंडावर विचारायची.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला फर्न ऑडेनरीड राहायची. तीही एकटी, कोंबड्या पाळायची, आणि तिलाही हाच नाद. दोघींचं कधी पटलं नाही. आर्डिसला धड, स्वच्छ वाकळ लागायची. फर्नला वापरून विरलेली, डागाळलेली. लिलावाच्या हॉलमध्ये दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या आणि भांडायच्या.

"तुझ्या घरात निस्ता मुताचा वास, फर्न."

"अगं, मुतलं म्हंजे पोर जगलं. तुझ्या वाकळा एवढ्या कोऱ्या का ऱ्हाल्या, इचार की सोताला. ज्यांच्यासाठी शिवल्या ती निजलीच न्हाईत त्यांच्यावर."

हे खरं होतं, म्हणून आर्डिसला झोंबायचं.

दोघींचं खरं वैर मात्र एका जोडीपायी. कुठल्याशा घराचा लिलाव होता. आत काय आहे ते न बघता खोकीच्या खोकी घ्यायची. एक खोकं आर्डिसनं घेतलं, एक फर्ननं. आर्डिसच्या खोक्यात निघाली पाळण्यातली वाकळ, गुलाबी आणि तपकिरी चौकड्यांची. फर्नच्या खोक्यात बरण्यांच्या झाकणांखाली हातरुमालाएवढी बाहुलीची वाकळ. तीच गुलाबी, तीच तपकिरी. आईनं लेकरासाठी शिवली, आणि उरलेल्या चिंध्या घेऊन थोरल्या पोरीनं आपल्या बाहुलीला शिवली. पोरीचे टाके कोंबडीनं माती उकरावी तसे. दोघींनी गाड्यांच्या मधे उभ्या राहून एकमेकींच्या हातातलं बघितलं आणि दोघींचं तोंड एकदमच उघडलं, "ती मला दे."

कुणी दिली नाही. आर्डिसनं निम्मं आयुष्य त्या बाहुलीच्या वाकळेपायी घालवलं म्हटलं तरी चालेल. तिला दुसरं काही नकोच होतं.

दर रविवारी चर्च सुटलं की फोन. एका रविवारी हिनं करायचा, पुढच्या रविवारी तिनं.

"जित्ती हाईस का?"

"हाय."

"मंग बाहुलीची दे."

"तू पाळण्यातली दे."

"मी मेल्यावर ने."

"मर की मंग लवकर." आणि दाणकन फोन ठेवायचा. बोलणं एवढंच.

मार्चातल्या एका रविवारी फर्नची पाळी होती आणि फोन वाजला नाही. मागच्या रविवारी आर्डिस जरा जास्तच टोचून बोलली होती. म्हातारी फुगली असेल, असं तिला वाटलं. फुगू दे. आपण काय फोन करायचा नाही. मंगळवारी दुकानात अंडी घेताना कळलं, फर्न शनिवारीच गेली, खुराड्याच्या दारात. आर्डिसनं अंडी परत फळीवर ठेवली आणि तशीच घरी आली.

फर्नच्या मातीला गेली तेव्हा सगळ्यांच्या मागं उभी राहिली. फर्नचा पुतण्या लांबून, ॲरिझोनाहून आला होता. बरा माणूस, पण घाईत. हात पुढं करून म्हणाला, "तुम्ही नात्यातल्या का?"

"न्हाई."

"मग मैत्रीण?"

"वाकळांमुळं ओळख हुती," आर्डिस म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

पुतण्यानं घरातली झाडून सगळी चीजवस्त लिलावाला काढली. मी तिचा शेजारी, म्हणून आर्डिसला म्हटलं, "माग की त्याला. फुकट देईल."

"फर्ननं दिली न्हाई, त्यो कोण देणारा? बोली लावीन. फिलाडेल्फियाचे यापारी येऊ देत न्हाई तर त्यांचे बाप. समद्यांच्या म्होरं हिसकून घेईन."

मर्लची हरणं मारायची बंदूक तिनं तेवढ्यासाठी विकली. त्या बंदुकीला आजवर तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

लिलाव गावचा आगबंब ठेवतात त्या हॉलमध्ये होता. बाया कोंबडी-मक्याचं सूप आणि बिटात मुरवलेली अंडी विकत होत्या. आर्डिस नेहमीच्या जागी बसली. शेजारची खुर्ची मोकळी होती. गर्दी एवढी की माणसं भिंतीला टेकून उभी, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. आर्डिसनं तिच्यावर आपली पर्स ठेवली. मग उचलून मांडीवर घेतली.

आमच्याकडं एक रीत आहे. मेलेल्या माणसाची वस्तू लिलावात आली आणि घरच्या माणसानं हात वर केला, की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपले हात खिशात घालायचे. बापाचा ट्रॅक्टर पोरानं, आईचं घड्याळ लेकीनं न्यायचं; त्यात आपण मधे पडायचं नाही. ही रीत कुणी शिकवत नाही, पण मोडणाऱ्याला पुढं कुणी गवत कापायला यंत्र उसनं देत नाही. आर्डिसला ह्या रितीचा कधी उपयोग झाला नव्हता. तिचं घरचं कोण होतं? उलट तिचा हात वर गेला की माल अस्सल, असं धरून सगळा हॉल तिच्यावर तुटून पडायचा.

लिलाववाला हार्लन. त्यानं खोकी काढली, कोंबड्यांची भांडी काढली, फर्नच्या डागाळलेल्या वाकळा काढल्या. त्या भराभर खपल्या. मग त्यानं ती हातरुमालाएवढी वाकळ दोन बोटांत धरून वर केली.

आर्डिसनं बोली लावायचं नंबराचं पुठ्ठं उचललं. मान ताठ, ओठ आवळलेले, डावीउजवीकडं बघत. कोण येतंय ते येऊ दे.

कुणी आलं नाही. भिंतीला टेकलेल्या शेतकऱ्यांनी हात खिशात घातले. बायांनी पुठ्ठी मांडीखाली सारली. फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याचा हात निम्मा वर गेला होता. सूपवाल्या लॉर्नानं त्या हातात गरम वाडगं दिलं. "धरा जरा. सांडंल."

हार्लननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा गडी, पण त्यानं पुढची बोली पुकारलीच नाही. हातोडी हळू टेकवली. "आर्डिसबाईंची."

"आँ?" आर्डिस उभी राहिली. "आरं, मी अजून सुरू बी केलं न्हाई. परत लाव. बोला की कुणीतरी. मुकी झालीसा का समदी?"

तिनं पुठ्ठं परत उंच धरलं.

"हार्लन, मला भीक नगं. नीट लाव."

"भीक न्हाई, बाई," हार्लन म्हणाला. "रीत हाय. तुमच्याच माणसाची वस्तू हाय."

"माझं कोण लागत हुती ती? कुणीबी न्हाई."

"हां," हार्लन म्हणाला आणि त्यानं पुढचं खोकं घेतलं.

ती खाली बसली. एका सुपाच्या वाडग्याच्या किमतीत ती वाकळ तिच्या मांडीवर आली. तिनं काठ बघितला नाही, वास घेतला नाही. पर्समधले बंदुकीचे पैसे तसेच राहिले.

मी तिला घरी सोडलं. आत जाऊन तिनं दोन्ही वाकळा स्वयंपाकाच्या टेबलावर शेजारी ठेवल्या. पाळण्यातल्या वाकळेच्या कोपऱ्यात अर्ध्या फुलाचा एक तपकिरी तुकडा होता. उरलेलं अर्धं फूल बाहुलीच्या वाकळेत. जोडी पक्की. तिनं दोन्ही जवळ सरकवल्या, फूल पुरं झालं. जरा वेळ बघितलं. मग कॉफीला पाणी ठेवलं आणि म्हणाली, "जा आता तू. काळोख पडंल."

पुढच्या खेपेला गेलो तर टेबल रिकामं. पाळण्यातली नेहमीसारखी पुढच्या भिंतीवर. बाहुलीची मागल्या, डोंगराकडच्या खोलीत, एका खिळ्यावर.

त्या उन्हाळ्यात लँकेस्टरहून जुन्या वाकळा जमवणारी एक बाई आली. शिकलेली, नजर चांगली. दोन्ही खोल्यांत फिरली आणि धावतच बाहेर आली. "अहो, ही तर जोडी! एका भिंतीवर लावा ना. नाहीतर मी दोन्ही घेते, सांगाल त्या किमतीला."

"पाळण्यातली माझी हाय," आर्डिस म्हणाली. "बाहुलीची माझी न्हाई."

"मग कुणाची?"

"फर्नची."

"बरं, मग त्यांना विचारून बघा की."

आर्डिसनं भिंतीवरच्या वाकळेचा मुडपलेला काठ बोटानं सरळ केला.

"लई येळा इचारलं," म्हणाली. "देत न्हाई म्हणती."